यवनांचे खांब कोण वाचणार?

कार्ल्याच्या लेण्यात आपण कुटुंबासह जातो, त्रिसरण-पंचशील घेतो, फोटो काढतो आणि परततो. त्या चैत्यगृहातील कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीय उपासकांनी, दान दिलेले आहेत. तसे खांबांवर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप. नाशिकच्या लेण्यात दात्तामित्रीहून आलेला योनक इंद्राग्निदत्त आहे. त्याच लेण्यांतील शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' म्हणजे त्रिरश्मी असे स्पष्ट असताना लोकांच्या तोंडी मात्र 'पांडवलेणी'! लेख वाचणारे उरले नाहीत की नाव बदलणाऱ्यांचे फावते.

प्रदेशाप्रदेशांतील सांस्कृतिक देवाणघेवाण हा विषय आज एम. ए.ला पाली, बौद्ध अध्ययन, प्राचीन भारतीय संस्कृती अशा विभागांतून शिकवला जातो. पण कसा? बहुतेकदा 'भारताने जगाला काय दिले' याचा पोवाडा म्हणून. घेतले काय, कोणाकडून, आणि पुढे ही देवाणघेवाण बंद कोणी पाडली, हे प्रश्न विचारायचे नाहीत. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाला पातकांत बसवले. ज्या भूमीत परक्या यवनाचा खांब बुद्धाच्या चैत्यात उभा राहिला, त्याच भूमीत पुढे समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागले. हा बदल समजून घेतल्याशिवाय देवाणघेवाणीचा इतिहास पुराच होत नाही.

बाबासाहेबांनी नेमके हेच पाहिले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. जात म्हणजे दार बंद करून घेतलेला वर्ग, हे त्यातले मुख्य प्रतिपादन. दार बंद झाले की रोटी नाही, बेटी नाही, आणि विचारही नाही. पदव्युत्तर वर्गातला एक विद्यार्थी परक्या देशात बसून आपल्या समाजाची अशी चिकित्सा करतो, यापेक्षा या विषयाचा वेगळा वस्तुपाठ कोणता हवा?

आणि आपला धम्म तरी आपल्याकडे कोणत्या वाटेने परत आला? पाली त्रिपिटक जपले ते सिंहल, ब्रह्मदेश, सयाम या देशांनी. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना पाली शिकायला सिंहलद्वीपाला जावे लागले. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले. स्वतः बाबासाहेब १९५० साली कोलंबोला, १९५४ साली रंगूनला गेले आणि परिनिर्वाणाच्या काही दिवस आधी काठमांडूला. पालीचा शब्दकोश त्यांनी हौसेखातर केला नव्हता.

असे असताना आपली मुले या विभागांकडे का फिरकत नाहीत? एक कारण पोटाचे आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने पाली हा वैकल्पिक विषय काढून टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत पालीला अभिजात दर्जा मिळाला खरा, पण त्या कागदाने प्राध्यापकांच्या जागा आपोआप भरत नाहीत. त्या जागा भरा आणि पाली पुन्हा वैकल्पिक विषय करा, ही मागणी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात दिसली पाहिजे.

दुसरे कारण आपले आहे. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते. ब्राह्मी, सिंहली, तिबेटी किंवा चिनी शिकणाऱ्या मुलीच्या दोन वर्षांच्या खर्चाला निघत नाही. प्रत्येक तालुक्यातील विहारांनी मिळून एक विद्यार्थी पोसला तरी पुढच्या वर्षी कार्ल्याला जाताना सोबत खांब वाचून दाखवणारे कोणीतरी असेल.