हात अडतो तेव्हा

गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मी जपानला, कोबे शहरात मुलीकडे होते. माझा नातू चौदा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर आहे. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बोलर समजा, फक्त चेंडूला टप्पा नसतो. त्याचा वेगवान चेंडू छान जायचा. हळू चेंडू सरावात उत्तम, पण सामन्यात एक तर पायाशी आपटायचा नाही तर बॅट्समनच्या डोक्यावरून जायचा. कोच म्हणाले, हिंमत कमी पडते. जावई म्हणाले, मन घट्ट कर. पोरगं रात्री धड जेवेना.

मला दोघांचंही म्हणणं पटलं नाही.

हळू चेंडू टाकताना हात हळू फिरवायचा नसतो. हात वेगवान चेंडूइतक्याच जोराने फिरवायचा, मात्र चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल धरायचा. बॅट्समन हाताचा वेग पाहून फसतो आणि बॅट आधीच फिरवतो. म्हणजे वेग कमी करायचं काम पकड करते. पण मुलाच्या मनात येतं, एवढा सोपा चेंडू दिला आणि त्याने मैदानाबाहेर मारला तर? मग शेवटच्या क्षणी हात आपोआप आखडतो आणि चेंडू भलत्याच वेळी सुटतो. दोन-चारदा असं झालं की बॅट्समनची नाही, स्वतःच्या हाताचीच भीती वाटू लागते.

मी हे भोगलं आहे. नोकरीला दहा वर्षं झाली होती, शिरेत सुई घालणं माझ्या हातचा मळ. एके दिवशी एका तान्ह्या बाळाची शीर तीनदा चुकली आणि नातेवाइकांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. त्यानंतर मागे कुणी उभं राहिलं की माझा अंगठा ताठ व्हायचा. बोलणी खाल्ली की आणखी ताठ. शेवटी एका वयस्क सिस्टरने आठ दिवस मला फक्त ठसठशीत शिरांचे पेशंट दिले आणि सांगितलं, "हाताकडे लक्ष देऊ नकोस, पेशंटशी गप्पा मार." हात सुटला.

इंग्रजीत याला यिप्स म्हणतात, जपानी लोक 'इप्पुसु'. काहींमध्ये मुळाशी भीती असते. काहींमध्ये फोकल डिस्टोनिया असतो, म्हणजे मेंदूकडून स्नायूंना चुकीचा निरोप जातो. लिहिणाऱ्यांच्या आणि वाद्य वाजवणाऱ्यांच्या बोटांनाही तो होतो. दोन्हींत रागावून काही साधत नाही. जपानात 'कोंजो' म्हणजे जिद्द, याचं फार कौतुक. मलाही जिद्द आवडते, पण अडलेल्या हाताकडून शंभर वेळा तेच करून घेतलं तर तो अडायलाच शिकतो.

आणि हळू चेंडू म्हणजे कमीपणा, हे तरी कुणी ठरवलं? याच कोबेच्या ऑरिक्स संघात नोबुयुकी होशिनो होता. त्याचा वेगवान चेंडू ताशी १३० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिथल्या मानाने साधाच. वळणारा हळू चेंडू तर जेमतेम नव्वदचा. त्यावर त्याने १७६ सामने जिंकले! २०१४ साली कोशिएनच्या शालेय स्पर्धेत होक्काइदोच्या र्‍योता निशिजिमाने इतका हळू, उंच चेंडू टाकला की टीव्हीवर वेगाचा आकडाच उमटला नाही. एका माजी निवेदकाने नाकं मुरडली. तेव्हा युू दारविश हा मोठा पिचर मुलाच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या मते हळू चेंडूच सर्वांत अवघड.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. आधी मुलीला सांगून त्याचा खांदा आणि कोपर डॉक्टरांना दाखवून घेतलं, कारण दुखणारा हातही आखडतो आणि मुलं दुखणं लपवतात. मग घरामागच्या मैदानात कॅचरविना, नुसत्या जाळीवर टाकायला लावलं. चेंडू कुठे गेला हे विचारायचं नाही, हात पूर्ण फिरला का एवढंच पाहायचं. नंतर एक मित्र समोर उभा केला, मग दोन. टाकण्याआधी ठरवायचं, एकदा हात उचलला की मत बदलायचं नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला बेसबॉलचं काय? बँकेच्या काउंटरवर सही करताना क्लार्क टक लावून बघत असला की पेन अडतं ना? घरी तीच सही झोकात होते. अशा वेळी खुशाल सांगा, "जरा तिकडे बघा हो", पेन सैल धरा आणि सही एका दमात करा. मात्र कुणी बघत नसतानाही हात थरथरत असेल, कप सांडत असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, तर मनाला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मी निघण्याच्या आधीच्या रविवारी नातवाचा सामना होता. त्याने पाच हळू चेंडू टाकले. दोन फसले, एक सणसणीत मारला गेला, दोन बरोबर पडले. जावयांना मी मुद्दाम लांब, झाडाखाली बसवलं होतं. त्यांना काही दिसलं नाही, म्हणून ते अजून माझ्यावर नाराज आहेत.