आक्कांची सुई आणि आमची ट्रंक

दर चैत्रात ऊन तापू लागले की आमच्या घरी एक नेम पाळला जातो. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरते, तिच्यातील लुगडी गच्चीवर पसरली जातात आणि सायंकाळी कडुनिंबाचा वाळला पाला घालून ती पुन्हा ट्रंकेत ठेवली जातात. ही लुगडी आमच्या मातोश्रींची. त्या निवर्तल्या त्याला सात वर्षे झाली. यंदा त्यांपैकी एक इरकली लुगडे उलगडताच घडीवर उभे फाटले. जपून ठेवल्यानेही कापड विरते, हे आम्हांस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळावे, ही गोष्ट आमच्या पदवीला फारशी शोभणारी नव्हे.

“आता तरी आक्कांना बोलवावं,” असे घरातून सुचविण्यात आले. आक्का मागच्या गल्लीत गोधड्या शिवतात. हिलाच कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात आणि आमचे कानडी शेजारी कौदी म्हणतात. परंतु आईची लुगडी कातरीखाली जावीत ही कल्पना आम्हांस सोसेना. आठ दिवस आम्ही तो विषय टाळला. नवव्या दिवशी आक्का स्वतःच दारात उभ्या राहिल्या.

ट्रंक उघडताच त्यांनी एकच प्रश्न केला. “आईंचं रोजचं लुगडं कुठलं वो गुरुजी?”

आम्ही निरुत्तर झालो. लग्नकार्यातील शालू आम्हांस आठवत होता, सणावाराचे शहापुरी लुगडे आठवत होते. परंतु ज्या वस्त्रात आईने आमच्यासाठी सारा जन्म भाकऱ्या थापल्या, ते काही आठवेना. सौभाग्यवतींनी मात्र तळातून एक विटके हिरवे लुगडे क्षणात ओढून काढले.

“ह्ये तोंडाकडं लावूया,” आक्का म्हणाल्या. “धुवून धुवून मऊ झालेलं कापड सुईला वाट देतंय. नवं कापड नुस्तं भांडतंय.” शालू त्यांनी परत दिला. पांघरुणात जर टोचते, एवढेच त्यांचे म्हणणे.

काम सुरू झाल्यावर आम्ही त्यांच्या पडवीत जाऊन बसू लागलो. एवढी नक्षी यांना सुचते कोठून, हे कुतूहल होतेच. एकदा कशिद्याच्या नमुन्यांचे पुस्तकही आम्ही नेले. गोपुरे, पालख्या, तुळशीवृंदावने अशी धारवाडकडची ती सुरेख परंपरा! आक्कांनी पाने आदराने उलटली व पुस्तक बाजूस ठेवले. कशिदा धागे मोजून घालायचा, विरलेल्या कापडात धागे मोजायचे कसे? मग त्या आम्हांस परसात घेऊन गेल्या. तेलाच्या जुन्या डब्यांत अबोली, शेवंती, गोकर्ण लावलेली होती. गर्द हिरव्या पानाशेजारी अबोलीचे फूल दाखवून त्या म्हणाल्या, “कुणाशेजारी कोण बसायचं, ते झाड सांगतंय की.” आईच्या हिरव्या लुगड्याशेजारी खणाच्या चोळीचा तो फिकट नारिंगी तुकडा का आला, याचा उलगडा तेव्हा झाला. टाक्यांच्या ओळी त्यांनी कौलांवरून घेतल्या आहेत, तर कडेकडेने फेर धरीत मध्याकडे येण्याची रीत नांगरटीवरून. ओळ थोडी वाकडी गेली तरी त्या उसवीत नाहीत. शेताचा बांध तरी कोठे सरळ असतो!

चारही कोपऱ्यांवर त्या घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवितात. ही मात्र त्यांची स्वतःची कल्पना नव्हे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांची घरची बोली कोकणी. त्यांच्या स्त्रिया अशीच ठिगळांची ‘कवंदी’ शिवतात आणि कोपऱ्यांवरील त्या तुकड्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीवाघडी वाटते. आक्कांचे माहेर हल्याळकडचे, तेथे त्यांनी हे लहानपणी पाहिले. ठिगळाची लाज वाटते ती आम्हां शहरवासीयांना. ज्या गाडगेबाबांपुढे (१८७६–१९५६) आम्ही हात जोडतो, त्यांना लोक गोधडे महाराज म्हणत, याचा मात्र आम्हांस विसर पडतो.

याच पडवीत आमची आणखी एक चूक उघडी पडली. आक्कांचा नातू आमच्याच शाळेत सहावीत आहे आणि नित्य उशिरा येतो. दोनदा आम्ही त्यास वर्गाबाहेर उभे केले होते. कारण विचारले तर खाली मान घालून गप्प. एके सकाळी पाहतो तो, हा मुलगा एकेक करून दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवीत आहे. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे; तिला सुई ओवता येत नाही, शिवता मात्र येते, ते बोटांच्या अंदाजाने. दप्तर पाठीला लावून तो निघाला तेव्हा आम्हीही त्याच्याबरोबर चालत निघालो. त्या दिवशी मुख्याध्यापकांनाही उशीर झाला.

सरकारी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते, हे आम्ही आक्कांना तीनदा सांगितले. “हातातल्या दोन गोधड्या होऊ द्यात वो,” हेच उत्तर तीनदा मिळाले. तूर्त आम्ही त्या मुलाला सुया ओवण्यासाठी पंधरा मिनिटांची सवलत दिली आहे.

मृगाआधी आमची गोधडी घरी आली. हिरवी बाजू तोंडाकडे यावी असे सौभाग्यवती रोज बजावतात, आणि मुले ती रोज उलटी पांघरतात. ट्रंकेत आता एकटा शालू आहे.