चॅटजीपीटी जर्मन पत्र लिहून देतं, मग परीक्षेत पेन का अडतं?

जर्मनीत माणसं कमी पडतायत, हे आता आपल्याकडे बहुतेकांना माहीत झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे जर्मन चॅन्सेलर ओलाफ शोल्झ दिल्लीत आले होते. त्याच सुमारास कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेणार, असं जाहीर झालं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्यासोबत कुशल मनुष्यबळासाठी करार केला. नर्सिंगवाले, आयटीआयवाले, आमच्यासारखे आयटीवाले, सगळेच जर्मनचे क्लास शोधायला लागले.

पण व्हिसाचा आकडा वाढला म्हणून भाषेची अट सुटलेली नाही. नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारणपणे बी२ पातळी लागते. आयटीवाल्यांना इंग्रजीवर नोकरी मिळू शकते, पण पुढचं गणित बघा. ब्लू कार्डवर गेलेल्या माणसाला ए१ जर्मन येत असेल तर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो. बी१ असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे एका सर्टिफिकेटची किंमत सरळसरळ सहा महिने.

आणि या परीक्षेत एक भाग असा आहे, जिथे आपला स्मार्टफोन आपल्याला सगळ्यात जास्त गाफील ठेवतो: औपचारिक पत्र.

माझं काय झालं

दोन महिने मी रोज एक पत्र ‘लिहीत’ होतो. म्हणजे काय, तर मोबाईलवर मोडकंतोडकं जर्मन टाइप करायचं, चॅटबॉटला द्यायचं आणि तो जे गुळगुळीत पत्र परत देईल ते वाचून खूश व्हायचं. वाटायचं, जमतंय की! मग क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. कागद, पेन आणि १५ मिनिटं. वरचं संबोधन लिहिलं आणि पुढे हात चालेना. २० पैकी ७ गुण. तेव्हा कळलं की दोन महिने सराव चॅटबॉटचा झाला होता, माझा नाही.

पेपरात नक्की काय असतं?

गोएथे इन्स्टिट्यूटची (आपल्याकडचं मॅक्स म्युलर भवन) बी१ परीक्षा घेऊ. तिच्यात वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग १०० गुणांचा, पास व्हायला ६०. एखादाच भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

लेखनाला ६० मिनिटं आणि तीन प्रश्न:

- पहिला: मित्राला किंवा मैत्रिणीला ईमेल, साधारण ८० शब्द, ४० गुण
- दुसरा: एखाद्या विषयावर स्वतःचं मत, साधारण ८० शब्द, ४० गुण
- तिसरा: औपचारिक ईमेल, साधारण ४० शब्द, २० गुण

‘वीसच गुणांचं तर आहे’ म्हणून बरेच जण तिसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. पण तो सोडला तर उरलेल्या ८० पैकी ६० मिळवावे लागतात, म्हणजे थेट ७५ टक्के. बी२ ला तर औपचारिक मेसेज साधारण १०० शब्दांचा आणि ४० गुणांचा होतो. टेल्क नावाच्या दुसऱ्या परीक्षेत बी१ लाच ३० मिनिटांत पत्र लिहायचं असतं आणि त्यात दिलेले चार मुद्दे यावे लागतात.

तपासताना साधारण चार गोष्टी बघतात: विचारलेलं लिहिलंय का, वाक्यं एकमेकांना जोडलीत का, शब्दसंग्रह आणि व्याकरण. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. गोएथे बी१ मध्ये त्या पहिल्या निकषावर शून्य मिळालं, तर त्या पूर्ण प्रश्नाला शून्य. पाठ केलेलं सुंदर पत्र भलत्याच प्रश्नाखाली उतरवलं, तर व्याकरण कितीही चोख असो, उपयोग नाही.

औपचारिक म्हणजे काय?

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. इंग्रजीतल्या ‘यू’वर वाढलेल्यांना हा फरक शिकावा लागतो, आपण तो घरातच शिकतो. ऑफिसातल्या मॅडमना आपण ‘तू येशील का’ म्हणत नाही. तेच इथे. एकदा ‘झी’ धरलं की शेवटपर्यंत ‘झी’. मधेच ‘डू’ आलं की सूर बिघडला.

समजा प्रश्न असा आहे: सल्लागार फ्राउ वेबर यांच्याबरोबर तुमची भेट ठरली आहे, तुम्हाला जमणार नाही, माफी मागा आणि कारण सांगा. पत्राचा सांगाडा असा होईल:

१. ‘झेअर गेएअर्टे फ्राउ वेबर’ आणि पुढे स्वल्पविराम. पुरुष असेल तर ‘गेएअर्टर हेअर’.
२. भेटीबद्दल आभार, एक वाक्य.
३. ‘लायडर’ म्हणजे दुर्दैवाने, येऊ शकत नाही, आणि कारण.
४. दुसरी वेळ मिळेल का, अशी नम्र विचारणा: ‘क्योन्टेन झी...’ म्हणजे ‘तुम्ही... शकाल का’.
५. ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसन’ आणि खाली नाव.

दोन बारकावे. संबोधनानंतर स्वल्पविराम असतो, म्हणून पुढच्या ओळीचा पहिला शब्द छोट्या अक्षराने सुरू होतो (तो नाम किंवा ‘झी’ नसेल तर). आणि शेवटच्या ‘ग्र्यूसन’नंतर काहीच नाही, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. इंग्रजी पत्राच्या सवयीने आपण दोन्हीकडे चुकतो.

तिसरा बारकावा क्रियापदाचा. ‘कारण मी आजारी आहे’ याला जर्मनमध्ये ‘वाइल इश क्रांक बिन’ म्हणतात. शब्दांचा क्रम जुळवून बघा: कारण, मी, आजारी, आहे. डिट्टो मराठी! पण आपण मनात इंग्रजी वाक्य तयार करतो आणि ‘बिन’ मधे घुसवतो. म्हणून ‘वाइल’ आलं की मराठीतून विचार करा.

फोन कुठे फसवतो?

पहिला चोर म्हणजे कीबोर्ड. एन्टर दाबलं की तो पुढचं अक्षर आपोआप मोठं करतो, म्हणजे वर सांगितलेली चूक तोच शिकवतो. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं लागतं, ते मात्र तो सुचवून टाकतो. स्वरांवरचे दोन ठिपकेही तोच देतो. कागदावर यातलं काहीच होत नाही. सराव करताना ऑटोकरेक्ट, ऑटो-कॅपिटल आणि शब्दांच्या सूचना, तिन्ही बंद ठेवा. परीक्षा कॉम्प्युटरवर असेल तर जर्मन कीबोर्डचीही सवय करा, त्यात वाय आणि झेडची अदलाबदल असते.

दुसरा चोर चॅटबॉट. तो पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत मजकूर तयार करतो. त्यामुळे तुमचं बी१ चं पत्र तो सहज सी१ चं करून टाकतो. ते वाचताना समजतं, पण स्वतःहून लिहिता येत नाही. समजणं आणि लिहिता येणं यातली दरी त्याला दिसत नाही, आणि आपल्यालाही नाही.

तिसरी गोष्ट गुणांची. ‘किती गुण देशील?’ विचारलं की तो बहुतेकदा कौतुकच करतो. तेच पत्र दोनदा द्या, वेगळे गुण येऊ शकतात. तो आकडा मनावर घेऊ नका.

मग वापरायचंच नाही का?

वापरायचं, पण लेखक म्हणून नाही, परीक्षक म्हणून. आधी घड्याळ लावून कागदावर पत्र लिहा. मग ते चुकांसकट स्वतः टाइप करा. फोटो देऊ नका, कारण फोटो वाचताना तो चुका गुपचूप सुधारून घेऊ शकतो. सोबत ही सूचना द्या:

‘तू गोएथे बी१ परीक्षेचा परीक्षक आहेस. खाली प्रश्न आणि माझं पत्र आहे. पत्र पुन्हा लिहू नकोस, बरोबर वाक्यही सांगू नकोस. आधी सांग, प्रश्नातला कोणता मुद्दा सुटला. मग चुकलेल्या ओळीचा क्रमांक आणि चुकीचा प्रकार एवढंच सांग: क्रियापदाची जागा, विभक्ती, लिंग, मोठं अक्षर की सूर. मी दुरुस्त करून पाठवल्यावरच उत्तर दाखव.’

चूक कुठे आहे हे कळलं, पण बरोबर काय ते स्वतः शोधावं लागलं, की ते डोक्यात राहतं. आम्ही कोड डीबग करतो ते असंच. प्रत्येक चूक तिच्या प्रकारासकट वहीत लिहा. दहा पत्रांनंतर दिसेल की तुमच्या चुका शंभर प्रकारच्या नाहीत, चार-पाचच आहेत आणि त्याच परत परत येतायत. माझी निम्मी वही विभक्तीनेच भरली होती.

प्रश्न मात्र चॅटबॉटकडून बनवून घेण्याआधी गोएथेच्या साइटवरचे नमुना पेपर सोडवा, ते मोफत आहेत. आठवड्यातून एक पत्र तरी शिक्षकांकडून तपासून घ्या. पत्रांत खरा पत्ता किंवा पासपोर्ट नंबर टाकू नका, सरावाला खोटा चालतो.

परीक्षा झाल्यावर?

‘तिथे गेल्यावर फोन असेलच की’, असं कुणीही म्हणेल. असेल. पण जर्मनी हा कागदपत्रांचा देश आहे. भाड्याचं घर सोडायचं तर नोटीस लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते, नुसता ईमेल कायद्याने चालत नाही. त्या कागदाखाली सही तुमची असते, चॅटबॉटची नाही. सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि चाळीस शब्दांच्या त्या पत्रात हीच तयारी बघतात.

सराव परीक्षेनंतर सहा आठवड्यांनी खऱ्या परीक्षेत मी तिसरा प्रश्न बारा मिनिटांत संपवला. पत्र गुळगुळीत नव्हतं, पण माझं होतं. पास झालो.