नव्या सनमायकाआधी जुने प्लायवुड तपासा

घरात लग्नकार्य ठरते, पाहुण्यांची यादी तयार होते आणि गृहिणीचे लक्ष कपाटाकडे जाते. हौसेने करून घेतलेल्या प्लायवुडच्या कपाटाच्या कडा आता सुटलेल्या असतात, कोपऱ्यातला टवका उडालेला असतो. 'भंगारात काढा,' असे घरातले म्हणतात. 'वरून नवा सनमायका मारू,' असे मिस्त्री सुचवतो. कोणाचे ऐकायचे, हे आतले प्लायवुड कसे आहे त्यावर ठरवावे.

सनमायका हे मुळात एका ब्रँडचे नाव, पण बोलण्यात सगळ्याच लॅमिनेटला तेच चिकटले. रेझिनमध्ये भिजवलेले कागदाचे थर उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात, तोच हा पातळ पत्रा. दर्शनी बाजूचा साधारण 1 मिलिमीटर जाडीचा असतो. तो फर्निचरचे रूप राखतो, भार मात्र प्लायवुडच पेलते.

तपासणी अशी करा

दारांवर नाण्याने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथला सनमायका सुटला आहे. कपाटाचा तळ, बाथरूमलगतची बाजू आणि सिंकखालच्या फळ्या टोच्याने टोचून पाहा. टोचा सहज आत गेला, थर फुगून सुटले असतील किंवा वाळवीची माती दिसली, तर त्या फळीवर नवा सनमायका लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. ती फळीच बदला. ओलाव्याच्या जागी 'आयएस 710' शिक्क्याचे मरीन प्लायवुड घ्या.

जुना काढताना

दारे बिजागऱ्यांसह उतरवून आडवी ठेवा. हेअर ड्रायरने कड गरम केली की गोंद मऊ पडतो. मग पटाशी तिरकी धरून हळूहळू पुढे सरकवा. एकदम उचकटल्यास प्लायवुडचा थरही निघून येतो. सनमायकाची तुटलेली कड सुरीसारखी कापते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. उरलेला गोंद खरवडा, खड्डे लांबीने भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा.

जुना सनमायका सगळीकडे घट्ट असेल, तर तो घासून खरखरीत करून त्यावरही नवा लावता येतो. मात्र जाडी वाढल्याने दारे अडकू शकतात. शिवाय इथे पांढरा गोंद चालत नाही. त्यातले पाणी शोषून घ्यायला उघडे लाकूड लागते. अशा वेळी रबरी गोंद वापरतात.

आगीपासून जपा

रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे लागते. त्या वेळात निघणारी वाफ चटकन पेट घेते. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा. गॅसची शेगडी, देवापुढचे निरांजन, उदबत्ती, विडी-सिगारेट सारे बंद. मुलांना शेजारी पाठवा.

मापाचा हिशेब

पत्रा 8 फूट बाय 4 फुटांचा मिळतो. 6 फूट उंच आणि दीड फूट रुंद अशा दोन दारांच्या बाहेरच्या बाजूंना एक पत्रा पुरतो. उरलेल्या 2 फूट बाय 4 फुटांच्या तुकड्यात ड्रॉवरची तोंडे होतात. सगळे पत्रे एकाच वेळी घ्या, नंतर रंगछटा जुळेलच असे नाही.

दाराच्या आतली बाजू कोरी ठेवून पैसे वाचवू नका. एकाच बाजूला सनमायका असला की दार वाकण्याची भीती असते. आत साधा, पातळ लावला तरी चालतो.

प्लायवुड टणक असेल, तर कपाट मोडीत काढण्याची घाई नको. आणि ते कुजले असेल, तर कार्य तोंडावर आले म्हणून नुसते झाकूही नका. पाहुणे चार दिवसांनी जातील, पण त्या फळ्यांवर घरातल्यांचे कपडे आणि भांडी वर्षानुवर्षे राहणार आहेत.