बीज वहींत लिहा

‘सर, काल चुकत होतें, आज चुकत नाहीं,’ असें संगणकाच्या तासाला सांगणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळूं नयेत, असें आमचें मत आहे. आज्ञावलीची परीक्षा वाटेल त्या अंकांनीं घ्यावी, हें खरें. परंतु ज्या अंकांनीं दोष उघडा पाडला तेच पुनः मिळाले नाहींत, तर तो दुरुस्त झाला हें कशावरून ठरवावें? यास्तव अंक एका ‘बीज’ संख्येपासून नियमानें काढावे, आणि तें बीज उत्तराशेजारीं लिहावें. पालकांनींही वही उघडून तेवढें पाहावें.

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें १९४९ सालीं मांडलेली रीत घ्या. आपल्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नांवानें ओळखली जाणारी ६१७४ हीच संख्या बीज धरूं. तिचा वर्ग ३८११८२७६. मधले चार अंक ११८२. त्यांचा वर्ग सात अंकी, म्हणून आरंभीं शून्य जोडून ०१३९७१२४, मधले ३९७१. पुढें ७६८८. माळ विस्कळित दिसते, पण बीज तेंच तर माळही तीच. २५०० मात्र घेऊं नका. वर्ग ०६२५००००, आणि मधले अंक पुनः २५००च!