कोहळी, कोळी, कोहली : एका ‘ळ’ची किंमत

#धागा #इतिहास #पूर्वविदर्भ

बोदलकसा. तिरोडा तालुका, गोंदिया जिल्हा. जंगलाने वेढलेला विस्तीर्ण जलाशय. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की खाली ठरलेली वाक्ये उमटतात. पहिला लिहितो : ‘तीनशे वर्षांपूर्वी कोहळ्यांनी बांधलेला तलाव.’ दुसरा विचारतो : ‘कोहळी म्हणजे पंजाबातले कोहलीच ना?’ तिसरा भारताचा रंगीत नकाशा डकवतो. त्यात पंजाबपासून वैनगंगेपर्यंत एक जाड बाण ओढलेला असतो. इतिहास झाला तयार!

या प्रकाराला ‘आडनावांचा इतिहास’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. वास्तविक तो उसन्या पद्धतीचा चुकीचा वापर आहे. ही पद्धत आली इंग्लंडहून, आणि तिथे ती चालते. ती तिथे का चालते आणि वैनगंगेच्या खोऱ्यात का कोसळते, हे समजून घेतल्याशिवाय कोहळ्यांविषयी एक ओळही लिहू नये.

‘वॉकर’ हे इंग्रजी आडनाव घ्यावे. वरवर पाहता अर्थ ‘चालणारा’. प्रत्यक्षात तो कापड तुडवणारा कारागीर होय. मागावरून उतरलेले लोकरी कापड पाण्यात भिजवून पायांनी तुडवले की ते आटते, घट्ट होते. याच कामाला इंग्लंडच्या आग्नेय भागात ‘फुलर’ म्हणत, नैर्ऋत्येस ‘टकर’ आणि उत्तरेकडे ‘वॉकर’. काम एक, बोलींनुसार शब्द तीन. पुढे चौदाव्या शतकाच्या सुमारास सामान्य माणसांची उपनावेही वंशपरंपरेने गोठू लागली आणि त्या तीन बोलींच्या सीमा आडनावांत अडकून राहिल्या. म्हणूनच १८८१च्या जनगणनेवरून आडनावांचे नकाशे काढले, तर मध्ययुगीन बोलींची पुसट छाया त्यांत दिसते.

मात्र हा निष्कर्ष नुसत्या नकाशावरून निघालेला नाही. त्यामागे करवसुलीच्या याद्या आहेत, न्यायालयांची दप्तरे आहेत. त्यांत माणसाचे नाव, धंदा आणि गाव एकत्र नोंदलेले सापडते. नकाशा शेवटी येतो, दप्तर आधी. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आधी ध्वनिसाम्य, मग नकाशा, आणि दप्तर कधीच नाही.

आता कोहळ्यांकडे वळू. पूर्व विदर्भातील साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वसलेला हा शेतकरी समाज. धान, ऊस आणि या दोन्हींसाठी तलाव, ही त्यांची ओळख. उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी नेमक्या खिंडीत मातीची पाळ घालून अडवायचे, जादा पाण्यासाठी सलंग ठेवायची, तुडूमातून शेतापर्यंत पाणी न्यायचे. हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. जमिनीचा चढउतार डोळ्यांनी जोखणारे हे लोक कोणत्याही अर्थाने स्थापत्यकारच होते.

पण ‘कोहळी’ हे त्यांचे आडनाव नव्हे. ते जातीचे नाव आहे. त्यांच्या आडनावांत कापगते, डोंगरवार, परशुरामकर, नाकाडे अशी नावे आढळतात. यांतल्या एकाही नावात तलाव नाही, पाळ नाही, पाणी नाही. याउलट पंजाबातील ‘कोहली’ हे आडनाव होय. खत्री समाजातील खुखरायण गटात आनंद, चढ्ढा, साहनी, सेठी, सूरी यांच्या पंगतीत ते येते. म्हणजे बाणाच्या एका टोकाला आडनाव आहे आणि दुसऱ्या टोकाला जात. दोन वेगळ्या जातींची फळे एकाच तराजूत टाकून वजन काढल्यासारखे हे झाले.

हा घोटाळा घडवला रोमन लिपीने. ‘ळ’ हा वर्ण त्या लिपीत नाही, प्रमाण हिंदीतही नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत ‘कोहळी’ आणि ‘कोहली’ एकाच स्पेलिंगने उतरले आणि तेच स्पेलिंग आज शोधयंत्रात टाकले जाते. यंत्र बिचारे क्रिकेटपटू दाखवते. मराठी माणसाने तरी मूळ देवनागरी शब्दाकडे पाहायला हवे होते. तेही होत नाही, कारण ‘ळ’ शाबूत ठेवला तर दुसरी घाई वाट पाहत असतेच : ‘कोहळी म्हणजे कोळीच!’ किनाऱ्यावरचे मच्छीमार कोळी, सह्याद्रीतले महादेव कोळी, देशावरच्या गावगाड्यात पाणी भरणारे कोळी. सगळीकडे पाणी आहेच, मग हेही त्यांतलेच! हा नुसता शब्दखेळ असता तर हसून सोडून देता आले असते. पण महादेव कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत आणि ‘कोळी’ या नावाखाली नेमके कोण येते, हा महाराष्ट्रात दीर्घकाळ झगडला गेलेला प्रश्न आहे. एका अक्षराच्या फरकावर दाखले, प्रवेश आणि नोकऱ्या अवलंबून असताना ‘सगळे एकच’ असे लिहिणे निरुपद्रवी नसते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा पाहिला पाहिजे. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डोंगरातल्या ओढ्यांचे पाणी शेतात नेणारे कालवे आहेत. त्यांना ‘कूहल’ म्हणतात आणि कूहलीची देखभाल करणाऱ्या, पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या माणसाला म्हणतात ‘कोहली’! संस्कृत ‘कुल्या’ म्हणजे कालवा, हेही इथे जुळते. उत्तरेत सिंचनाचा अधिकारी कोहली, विदर्भात सिंचनाचा जाणकार कोहळी. यापेक्षा देखणा योगायोग मिळणे कठीण.

आणि तरीही यावरून काहीच सिद्ध होत नाही. कांगड्यातला कोहली हे पद आहे, वैनगंगेकाठचा कोहळी ही जात आहे. तिथले तंत्र वाहत्या ओढ्याला वळवण्याचे, इथले पावसाचे पाणी साठवण्याचे. शब्द उत्तरेतून पाण्यासोबत आला असेल, तर ज्या ‘कूहल’वरून तो बनला, तो शब्दही सोबत यायला हवा होता. वैनगंगेकाठी कालव्याला पाट म्हणतात, नहर म्हणतात. नाते जोडायचे तर मधल्या हजारभर किलोमीटरांत आणि काही शतकांत या शब्दाच्या पाऊलखुणा दाखवाव्या लागतील. वॉकरच्या बाबतीत त्या दाखवल्या गेल्या, इथे फक्त बाण ओढला गेला.

ध्वनिसाम्य किती स्वस्त असते, याचा दुसरा नमुना १९१६ सालच्या ग्रंथातच मिळतो. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेल्या त्या ग्रंथात कोहळ्यांचे नाव उत्तर हिंदुस्थानातील भाजीपाला पिकवणाऱ्या ‘कोइरी’ जातीशी मिळतेजुळते असल्याचे नमूद आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना या लोकांना सोबत आणले, अशी खुद्द समाजातील आख्यायिकाही तिथे दिली आहे. आजचे धागाकार इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्याच परिच्छेदात पुढे असे म्हटले आहे की या समाजाची भाषा, चालीरीती आणि पोटभेद पाहता तो मराठी मुलखातलाच वाटतो. वसाहतकालीन ग्रंथकारांवर टीका जरूर करावी, परंतु त्यांनी घेतलेली शंका गाळून त्यांच्याच नावावर खात्री विकू नये. १९११ साली या समाजाची लोकसंख्या सुमारे २६,००० होती, असेही त्याच ग्रंथात नोंदले आहे. एवढ्या छोट्या समाजाच्या वाट्याला एव्हाना काशी, कांगडा आणि पंजाब अशी तीन उगमस्थाने आली. ‘कोहळा’ या फळभाजीवरून चौथे काढायला कुणाची हरकत नसावी. कोइरी भाजीवालेच होते, तेव्हा तेही झकास जुळेल.

मग या मुलखात नावे बनत तरी कशी होती? नवेगाव बांध हे त्याचे उत्तम उदाहरण. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील हा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी ‘कोलू पाटील कोहळी’ यांनी बांधल्याचे सांगितले जाते. पुढे त्यांना देवत्व मिळाले आणि ते कोलासुर देव म्हणून पुजले जाऊ लागले. आता हे नाव सुटे करून पाहावे. कोलू हे व्यक्तीचे नाव. पाटील हे गावातले पद. कोहळी ही जात. आजच्या अर्थाचे आडनाव यात नाहीच, आणि नसल्यावाचून कुणाचे काही अडलेही नव्हते. नाव, बापाचे नाव, आडनाव ही तीन रकान्यांची शिस्त पुढे शाळेच्या दाखल्याने आणि सरकारी कागदांनी लावली. त्या वेळी ज्याच्या हाताशी जे होते ते त्या रकान्यात गेले : कुणाचे पद, कुणाचे गाव, कुणाचे जुने कुळनाव.

इथेच इंग्लंड आणि महाराष्ट्र यांच्यातला खरा फरक दिसतो. इंग्लंडात लोहाराचे ‘स्मिथ’ हे आडनाव झाले आणि ते देशातले सर्वाधिक प्रचलित आडनाव ठरले. आपल्याकडे दिमाखात मिरवली जाणारी ‘व्यावसायिक’ आडनावे कोणती? पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी. ही हातांनी करायच्या कामांची नावे नव्हेत, वतनांची आहेत. वसुलीचा हक्क, दप्तराचा हक्क, मानपानाचा हक्क. लोहार, सुतार, कुंभार ही नावे प्रामुख्याने जातीच्या रकान्यात राहिली. गावाच्या मुलकी पाटलाचे पद महाराष्ट्रात १९६२च्या कायद्याने रद्द झाले, पण पाटील आडनाव मराठ्यांत, कुणब्यांत, आगऱ्यांत, लिंगायतांत, जैनांत सुखाने नांदते आहे. तेव्हा ‘पाटील’चा नकाशा काढून जे दिसेल तो एका महसुली व्यवस्थेचा विस्तार असेल. त्यातून एक वंश शोधणे हा शुद्ध भ्रम आहे.

तलावांच्या बाबतीतही हेच घडले. गोंड राजवटीत तळे बांधणाऱ्याला जमीन देण्याची प्रथा होती, म्हणजे काम आणि हक्क यांची गाठ होती. इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जमीनबंदोबस्ताने मालगुजारांना गावांची मालकी दिली आणि तलाव त्यांच्या नावावर चढले. काही मालगुजार कोहळी होते, सगळे नव्हते. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना नाव मिळाले ‘माजी मालगुजारी तलाव’. लोकांच्या तोंडी त्याचे ‘मामा तलाव’ झाले. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला वाटते, मामाने बांधला असेल! बांधणारा विसरला गेला आणि मधल्या काळात सारा भरणाऱ्याचे बिरूद पूर्व विदर्भातील हजारो तलावांना चिकटले. कोहळ्यांवर खरा अन्याय कुठे झाला असेल तर तो इथे. पंजाबशी नाते जोडल्याने तो भरून निघत नाही. उलट, ज्यांनी याच मातीत हे तंत्र घडवले त्यांना बाहेरून आणलेले ठरवले जाते.

आता पुन्हा बोदलकसा. हा जलाशय तीनशे वर्षे जुना नाही. तो १९१७ सालचा आहे, शेजारचा चोरखमारा १९२३चा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांनंतर १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसला आणि त्यानंतरच्या वर्षांत मध्य प्रांतात सरकारी पाटबंधाऱ्यांची जी कामे निघाली, त्या पिढीतले हे धरण. आराखडा सरकारी, पैसा सरकारी. त्यातही तिरोडा हा मुख्यतः पोवारांचा मुलूख. पटले, बिसेन, रहांगडाले, कटरे ही आडनावे तिथे पावलोपावली भेटतात. कोहळ्यांचा गाभ्याचा प्रदेश त्याच्या दक्षिणेला आहे. सालेकसा, दरेकसा, बोदलकसा या स्थळनावांचा सारखा शेवट तर या सर्व आडनावांच्या चर्चेबाहेरची, निराळीच कहाणी सुचवतो.

या धरणाच्या आधी त्या शिवारात लहान तळी असतील तर ती शोधावीत, अवश्य शोधावीत. पण त्यासाठी छायाचित्राखालची वाक्ये उपयोगाची नाहीत. बंदोबस्ताच्या काळात गावागावाचे ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिले गेले. त्यांत गावाचे रिवाज आणि पाण्याचे हक्क नोंदवलेले असतात. मालगुजारी गेल्यानंतर निस्तार पत्रके तयार झाली. तलावाचे पाणी विनामूल्य घेण्याचे गावकऱ्यांचे हक्क त्यांत आले. ही कागदपत्रे जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मागता येतात. ज्याला कोहळ्यांचा इतिहास लिहायचा आहे त्याने एक तालुका निवडावा, अर्जुनी मोरगाव घेतला तरी चालेल, आणि प्रत्येक तलावासमोर तीन नोंदी कराव्यात : बांधला कुणी सांगतात, बंदोबस्तात कुणाच्या नावावर चढला, आज पाणी कोण सोडते. नकाशाला रंग त्यानंतर द्यावा. आणि टिपण देवनागरीत ठेवावे, ‘ळ’सह.