संगणकभाषा निवडताना वारसदारही पाहावा

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांना ‘कोबोल’ जाणणाऱ्या प्रोग्रामरांना मदतीसाठी जाहीर आवाहन करावे लागले. महासाथीमुळे बेरोजगारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता आणि ते हाताळणारी यंत्रणा १९५९ साली आकाराला आलेल्या या भाषेत लिहिलेली होती. यंत्रणा टिकली होती. तिची डागडुजी करणारे हात दुर्मिळ झाले होते.

व्यवसायाच्या वेबप्रणालीसाठी सर्व्हरवरील भाषा ठरवताना चर्चा बहुधा वेगाभोवती घुटमळते. वास्तविक बिले, मालसाठा, पगारपत्रके अशा कामांत बराचसा वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यातच जातो. खरा खर्च पुढे उद्भवतो. ‘पायथन २’चे अधिकृत पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी संपले आणि जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीसाठी बदलून घेणे भाग पडले. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये ‘जावा’च्या नव्या वर्गणीचे शुल्क ग्राहककंपनीच्या एकूण कर्मचारीसंख्येशी जोडले. ‘ओपनजेडीके’ हा मुक्त पर्याय असल्यामुळेच अनेकांना भाषा न बदलता त्यातून वाट काढता येते.

गोव्यासारख्या लहान राज्यात हा प्रश्न अधिक बोचरा ठरतो. एकुलता प्रोग्रामर पुण्या-बंगळुरूला गेला, की त्याच्या आवडीच्या अपरिचित भाषेतील प्रणाली मालकाच्या गळ्यात पडते. म्हणून जावा, पीएचपी वा पायथन यांपैकी जी भाषा जवळच्या महाविद्यालयातील पदवीधरांना येते, तीच लहान व्यावसायिकाने निवडावी. प्रणाली लिहिणारा आज मिळेलच. ती उद्या सांभाळणार कोण, हे आधी विचारावे.